मायची डावी पोटरी

आबांनी मायच्या अंगाला हात लावलेला मी सगळ्या आयुष्यात एकदाच पाहिला.

आमच्याकडे, चोपड्याच्या बाजूला, त्या पिढीतले पुरुष चारचौघांत बायकोशी बोलतसुद्धा नसत. आबांना पाणी हवं असलं की ते मला हाक मारत, आणि पाणी माय आणून देई. ती त्यांच्याशी बोलायची ते भिंतीकडे किंवा चुलीकडे बघून. त्यांचं पटत नव्हतं असं मात्र नाही. माय माहेरी गेली की आबा भाजीत मीठ कमी आहे म्हणून उगाच कुरकुर करत, आणि ती परत आली की तीच भाजी मुकाट्यानं खात. एवढ्यावरून काय ते समजायचं.

पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराची गोष्ट. माझं लग्न होऊन मी जळगावला होते, तिथल्या एका शाळेत शिकवत होते. घरी माय, आबा, भाऊ आणि वहिनी. केळीची बाग, थोडा कापूस, दोन म्हशी. त्या म्हशींसाठी आणलेलं सरकीचं पोतं ओढताना मायच्या कमरेत काहीतरी कटकन झालं. आधी गावातल्या माणसाकडून कंबर बसवून घेतली. त्यानं दुखणं दुप्पट झालं. कमरेपासून डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ जायची आणि माय ओठ दाबून बसायची. मी तिला जळगावच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, मणक्यातली गादी सरकून नस दाबली गेली आहे, सक्तीची विश्रांती.

सक्तीची म्हणजे खरोखरच सक्तीची. पलंगावर गादीऐवजी फळी, पायथ्याच्या खुरांखाली विटा, कमरेला पट्टा आणि पट्ट्याला लटकवलेली वजनं. माय तशी अंगानं भारी होतीच. दीड महिना आडवी पडून ती आणखी सुटली. मी सुटीला गेले की ती म्हणायची, "म्हैसना सारखं खाते नि पडी रहाते." आणि हसायची. पण पाय काही बरा होईना. उलट चालताना पाऊल घसरू लागलं, पायातली चप्पल वाटेत राहून जायची आणि तिला कळायचंही नाही. तेव्हा जळगावच्या डॉक्टरांनीच धुळ्याच्या एका मणक्याच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं.

गावातल्या एकाची जीप होती. मागच्या बाजूला गाद्या टाकून तिला अमळनेरमार्गे धुळ्याला नेलं. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला आबा पुढच्या सीटवरून ड्रायव्हरला म्हणत, "हळू रे भाऊ, हळू." मागे वळून मात्र एकदाही बघितलं नाही.

धुळ्याचे डॉक्टर चाळिशीचे, हळू आवाजात बोलणारे. त्यांनी ऑपरेशन सांगितलं. ते त्यांच्या अंदाजापेक्षा बरंच लांबलं. बाहेर आल्यावर म्हणाले, गादीचा तुकडा खोल जाऊन बसला होता, पण निघाला. दुसऱ्या दिवशी मायला नीट शुद्ध आली, तेव्हा पायातली कळ गेलेली होती. ती अंगठा हलवून बघत होती आणि रडत होती. इतके दिवस दुखत असताना न रडलेली बाई कळ गेली म्हणून रडली.

त्यानंतर आम्ही सगळ्यांनी तिला जपलं. हे जपणं काय होतं ते आता कळतं. डॉक्टरांनी तिसऱ्या दिवशीच सांगितलं होतं, बसतं करा, आधार देऊन चालवा. सिस्टर यायच्या, "उठा मावशी" म्हणायच्या. मायला भीती वाटे की पाठीचे टाके उसवतील, मणका निखळेल. आबा दारात उभे राहून म्हणत, "कसानी घाई शे? आराम करू द्या." वहिनी धुळ्यातल्या एका नातेवाइकांकडून डबा घेऊन यायची, ती भरवायची. मी उशा लावायची. कुणीच तिला पलंगाखाली पाय टेकवू दिला नाही. दवाखान्यात माणसं पुष्कळ, सिस्टरही पुन्हा पुन्हा कुणाकुणाच्या मागे लागणार?

आणि एक गोष्ट होती, ती बायकांनाच कळेल. माय पाणी पीत नसे. पाणी प्यायलं की भांडं मागावं लागणार, आणि दारात आबा, भाऊ, शेजारच्या पेशंटची माणसं. म्हणून ती ओठ ओले करण्यापुरता घोट घ्यायची आणि पेला परत द्यायची. "तहानच नही मले," म्हणायची.

काही दिवसांनी तिच्या डाव्या पोटरीत गोळा यायला लागला. पाय जड वाटतो म्हणाली. सगळ्यांना वाटलं, त्याच पायाची नस दबलेली होती, तीच आता मोकळी होते आहे, दुखणारच. मायलाही तसंच वाटलं. पाय जरा सुजलेला दिसत होता. पण इतके दिवस पडून राहिल्यावर पाय सुजायचाच, असं आम्हीच एकमेकांना सांगितलं. त्या दुखण्यानं तिची झोप पार गेली.

टाके काढायच्या आदल्या दुपारी मी समोरच्या हॉटेलातून थर्मासमध्ये चहा आणायला गेले. भाऊ औषधं आणायला गेला होता. परत आले तर खोलीचं दार अर्धवट लोटलेलं. दार ढकलणार तेवढ्यात मायचा आवाज आला.

"तुम्ही नका ना मना पायले हात लावू. पाप लागी मले. कोनी देखी."

आबा म्हणाले, "देखू दे."

फटीतून मला दिसलं. आबा स्टुलावर बसले होते. मायचा डावा पाय त्यांनी मांडीवर घेतला होता आणि तिळाच्या तेलानं पोटरी चोळत होते, केळीच्या बागेत काम करून राठ झालेल्या हातांनी, खालून वर, खालून वर. माय पदरानं तोंड झाकून घेत होती. मी तशीच मागे फिरले आणि व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. मला इतका आनंद झाला होता की तो कुणाला सांगावासा वाटत होता. चहा निवला तरी मी आत गेले नाही.

बऱ्याच वेळानं आबा बाहेर आले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुले बोलावस." मी आत गेले. माय प्रसन्न दिसत होती. आज भांडं नको, मी उठून जाते, म्हणाली. स्वतःहून असं ती पहिल्यांदाच म्हणत होती. मी सिस्टरना बोलावलं, दोघींनी दोन बाजूंनी धरून तिला उभं केलं. ती दोन पावलं चालली. मग थांबली आणि म्हणाली, "घाबरं व्हस मले." तिच्या कपाळावर एकदम घाम आला. ती छातीशी हात नेऊन मोठा श्वास घ्यायला बघत होती आणि श्वास आत जात नव्हता. सिस्टर ओरडल्या. आम्ही तिला पलंगापर्यंतही नेऊ शकलो नाही.

डॉक्टर धावत आले. त्यांनी आणि सिस्टरनी बराच वेळ खटपट केली. मी भिंतीला टेकून उभी होते. आबा व्हरांड्यात होते, त्यांना आत येऊ दिलं नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टरांनी मला आणि भावाला त्यांच्या खोलीत बोलावलं. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी विचारलं, "पाय सुजला होता का? दुखत होता?"

मी हो म्हणाले.

"मला कुणी सांगितलं नाही." ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले. मग म्हणाले, "पायाच्या शिरेत रक्त गोठून गाठ झाली होती. ती सुटून फुप्फुसात गेली असणार. आज पाय कुणी चोळला होता का?"

भाऊ नाही म्हणणार होता, त्याला माहीतच नव्हतं. मी म्हणाले, "आबांनी."

डॉक्टरांनी समोरचा केसपेपर मिटला. मग म्हणाले, "त्यांना सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मी हार्ट बंद पडलं म्हणून सांगतो. तेही खोटं नाही."

बाहेर आल्यावर भावानं माझा दंड धरला. "आबाले सांगानं नही. कधीच नही."

त्या दिवसापासून माय हार्टनं गेली. गावात, नात्यात, सगळीकडे. भेटायला आलेल्या लोकांना आबाच सांगत, "हार्ट. उभी व्हयनी नि गयी." दहाव्याला आलेली मावशी मला बाजूला घेऊन म्हणाली, "दुखत होता तो डावाच पाय का गं? तुझा भाऊ झाला तेव्हा हाच पाय तिचा केळीच्या खांबासारखा सुजला होता. पांढराफटक. महिनाभर जमिनीवर टेकवता येत नव्हता." बाळंतपण माहेरी झालेलं, त्यामुळे आबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. आणि परक्या पुरुषाला, मग तो डॉक्टर का असेना, बाळंतपणातलं दुखणं माय कशी सांगणार? तिला कुणी विचारलंही नव्हतं.

दहा-एक वर्षं गेली. आबा थकले, पण बागेत जात होते. मग भावाचीही कंबर धरली. तेच दुखणं, तोच डावा पाय. त्याला जळगावला माझ्या घरी आणलं आणि तिथल्या एका तरुण डॉक्टरांकडे दाखल केलं. आबा सोबत आले होते. मी नको म्हणत होते, पण ते ऐकेनात.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर खोलीत आले. खुर्ची ओढून बसले आणि एकेक विचारू लागले. बिडी ओढता का? किती दिवसांपासून पडून आहात? पूर्वी कधी पाय सुजला होता? भाऊ उत्तरं देत होता. मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली होती का? आई, वडील, भावंडं?"

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. मी खाली बघितलं. आबांनी उत्तर दिलं, "नही साहेब. आमना घरमा अशी बिमारी नही. याची माय हार्टनी गयी."

डॉक्टर लिहू लागले. मला वाटलं, बाहेर गाठून सांगावं. पण तेवढ्यात ते उठलेच, आणि मला एकदम भीती वाटली की ते दुसऱ्या पेशंटमध्ये अडकतील, मला भेटणार नाहीत, आणि उद्या सकाळी भावाला आत नेतील. माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही डॉक्टर. आईला गाठ झाली होती. मणक्याच्याच ऑपरेशननंतर. आणि त्याच्या आधी बाळंतपणातही पाय सुजला होता."

डॉक्टर परत बसले. "बरं झालं सांगितलंत," म्हणाले. मग त्यांनी समजावलं. घरात असं झालेलं असलं, माणूस बरेच दिवस पडून असला, वजन जास्त असलं, ऑपरेशन लांबलं, तर धोका वाढतो. आपण पायांना घट्ट पट्ट्या बांधू, रक्त पातळ राहण्याची इंजेक्शनं देऊ, दुसऱ्या दिवशी उभं करू. भरपूर पाणी प्यायचं. हे सगळं ते भावाला सांगत होते. उठता उठता म्हणाले, "आणि पोटरी दुखली, सुजली, तर लगेच मला सांगायचं. घरी आपल्याकडे सवय असते, पाय दुखला की तेल लावून चोळायचा. कुणीही चोळायचा नाही. गाठ सुटून वर जाते, माणूस मिनिटांत जातो."

त्या डॉक्टरांचा काहीच दोष नव्हता. त्यांना काय माहीत.

मी आबांकडे बघितलं नाही. भाऊ उगाच खोकला. आबा उठले आणि बाहेर गेले. मी मागोमाग गेले तर ते नळावर हात धूत होते. धुऊन झाल्यावरही नळ सुरूच ठेवून उभे होते.

ऑपरेशन चांगलं झालं. नंतरचे सगळे दिवस आबा पलंगाच्या पायथ्याशी बसून राहिले. भावाला झोप लागली की हाक मारून उठवत, "पाय हालाव." पाण्याचा तांब्या त्याच्या हातात देऊन तो रिकामा होईपर्यंत समोर उभे राहत. सिस्टर त्याला उभं करायला आल्या की सगळ्यांच्या आधी आबा चपला पुढे सरकवत. पण स्वतः त्याला हात लावत नसत. एकदा भाऊ चालताना जरा डळमळला, तर आबा मलाच ओरडले, "धर ना त्याले!" ते त्याच्या हाताच्या अंतरावर उभे होते.

भावाला घरी सोडायच्या आदल्या दिवशी, जेवणं झाल्यावर, त्यांनी मला विचारलं.

"तुले माहीत व्हतं?"

"हो आबा."

"भाऊले?"

"हो."

"तिले?"

"नाही आबा. तिला काहीच कळलं नाही."

त्यांनी मान हलवली. नंतर म्हणाले, "धुळाना डॉक्टर शे का अजून? मले लई चाल त्याकडे."

मी त्यांना तिकडे न्यायचं खूप टाळलं. पण भाऊ हिंडू-फिरू लागल्यावर ते एका सकाळी एकटेच चोपड्याच्या स्टँडवर जाऊन बसले, तेव्हा भावानं मला फोन केला आणि मला अमळनेरला त्यांना गाठून सोबत जावं लागलं.

डॉक्टरांचे केस पांढरे झाले होते. मायची आठवण त्यांना करून द्यावी लागली नाही, किंवा त्यांनी तसं दाखवलं. आबा खुर्चीवर बसलेच नाहीत. टोपी हातात घेऊन उभ्यानंच विचारलं, "साहेब, मी पाय चोळं नसतं तं ती वाचती का?"

डॉक्टरही खुर्चीतून उठून उभे राहिले. मग म्हणाले, "आबा, मला खरंच माहीत नाही. त्यांचं वजन होतं. दीड महिना त्या पलंगावर होत्या. ऑपरेशन लांबलं. नंतर आपण त्यांना चालवू शकलो नाही, त्या पाणी पीत नव्हत्या. आधी कधी पाय सुजला होता का, हे मी विचारायला पाहिजे होतं. विचारलं नाही. तेव्हा आम्ही समजायचो, आपल्या लोकांत असल्या गाठी फारशा होत नाहीत. गाठ आधीच झालेली होती. ती त्या उठून उभ्या राहिल्या तेव्हा सुटली असेल. रात्री कूस बदलतानाही सुटली असती."

"नही तं मी चोळी राह्यनू व्हतू तवय."

डॉक्टरांनी मान खाली घातली. "तेव्हाही," म्हणाले.

आबांनी त्यांना नमस्कार केला. डॉक्टर दारापर्यंत आले, आबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "एकट्या तुमच्यावर घेऊ नका." आबांनी पुन्हा नमस्कार केला.

स्टँडवर बसची वाट बघताना मी त्यांना केळी आणून दिली, ती त्यांनी खाल्ली नाहीत. म्हणाले, "चांगला माणूस शे. खोटं बोलता येस नही त्याले."

गाडी धुळ्याबाहेर पडली. गर्दी नव्हती, आम्हाला शेजारी शेजारी जागा मिळाली होती. मला वाटलं, त्यांना झोप लागली. तर ते खिडकीकडे बघतच बोलायला लागले.

"तिले झोप लागी गयी व्हती."

"कधी आबा?"

"मी चोळी राह्यनू व्हतू तवय. पहिले लाजे. मग तिना डोया लागनात. कितला दिन झोपनी नव्हती ती. मना हात थांबना का ती डोया उघाडे. म्हनीसन मी थांबनू नही."

मी केळ्यांची फणी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. अमळनेरला गाडी बराच वेळ थांबली. तिथून मला जळगावकडे वळायचं होतं आणि त्यांना चोपड्याकडे. मी घरापर्यंत येते म्हणाले. ते म्हणाले, "नको, तुनी शाळा शे." चोपड्याच्या गाडीत बसताना त्यांनी दांडी धरली, पण पाय उचलेना, तेव्हा मी मागून आधार दिला. खिडकीतून त्यांनी मला जा म्हणून हातानं खुणावलं. गाडी सुटेपर्यंत मी तिथेच उभी राहिले.

आबा त्यानंतर काही वर्षं होते. भाऊ धट्टाकट्टा आहे, बाग तोच बघतो. माय कशानं गेली असं कुणी विचारलं तर आबा पुन्हा कधी हार्ट म्हणाले नाहीत. ते उठून बाहेर जात.